लच्मव्वा, पाहा

सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट होतं.
अकराव्या दिवशी लक्षात आलं,
त्याला ळ कुठं बसवायचा ते ठाऊक नाही.
ल संपला की लगेच ळ, मग व.
माळी माहूरकरांच्या आधी येऊन बसले,
आणि क्षीरसागर मास्तर, जन्मभर हजेरीत शेवटचे,
क च्या शेपटाला, कौलगींच्या मागं उभे.

दुसरं परदेशी. त्याची वर्षाची वर्गणी म्हणजे
माझी तीन पुस्तकांची कमाई.
वर देवनागरी दिली की वेलांट्या सुट्या व्हायच्या,
काना एकटाच ओळीच्या टोकाला.
तिसरं कायमचं फुकट, पण बनवणाऱ्यानं
सहा वर्षांपूर्वी सोडून दिलेलं.

म्हेत्रेसरांकडे गेले, नव्या पेठेत.
वाचनालयातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली,
जिन्याखाली बुटांच्या खोक्यांत अजून कार्डं.
शेंगाचटणीचं बोट धोतराला पुसत म्हणाले,
"यादी आणि सूची यांत फरक काय?"
क्रम, मी म्हटलं.
"क्रम किराणावालाही लावतो.
शोधणारा कुठल्या नावानं हाक मारील
ते आधी ऐकावं लागतं."
मग सहा फोन नंबर दिले. पाच लागले नाहीत.
सहाव्यावर मिरजेच्या बाई, वैद्यकातल्या ग्रंथांच्या सूचीकार.
त्यांनी वर्णक्रमाचा तक्ता पाठवला, हातानं लिहिलेला,
आणि बजावलं,
"पैसे पानावर घे, पुस्तकावर घेऊ नकोस."

काम होतं यंत्रमागवाल्यांच्या मासिकाचं,
एकेचाळीस वर्षांचे अंक, कडा चुरा झालेले.
बाहेर बेचाळीस डिग्री.
शेजारच्या शेडमधला खडखडाट थांबला
की समजायचं, वीज गेली,
फाईल जतन केली नव्हती.

एक नाव चार तऱ्हांनी यायचं.
लच्मव्वा, रंगखातं.
लक्ष्मीबाई गुंडेटी, टॉवेलची किनार.
सौ. गुंडेटी, महिला सभा.
लक्षुम्मा, एकाच फोटोखाली, डावीकडून तिसरी.
सॉफ्टवेअर म्हणालं, चार व्यक्ती.
मी म्हटलं, एक.
घर तेलुगू, छपाई मराठी, खिळे जुळवणारा कानडी,
असंच व्हायचं.
चौघींना निवडून 'एकत्र करा' दाबलं.
फार शहाणं वाटलं.

पडताळा म्हणून अशोक चौकात गेले.
चादरींच्या दुकानात मल्लेशम गुंडेटी,
चष्मा कपाळावर चढवून हसले.
"एक कुठली? दोघी. जावा.
रंगखात्यातली लच्मव्वा माझी आई.
किनार काढायची ती धाकटी, आमची काकी.
तेरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत,
आणि तुम्ही एका ओळीत घालताय!"
मग सभेतल्या सौ. गुंडेटी?
"दोघीही सांगायच्या, मीच."
फोटो त्यांनी उन्हात धरला,
जवळ नेला, लांब नेला.
"ही मात्र आमच्यातली नव्हे."

रात्री वेगळं करायला बसले.
फाईल एकदा बंद झालेली, 'मागे घ्या' चालेना.
एकेक पान पुन्हा उघडलं,
हे थोरलीचं, हे धाकटीचं,
जसं सामायिक डब्यातून कुणी
आपापल्या वाट्या ओळखून काढाव्यात.
सभेच्या नोंदीपुढं दोन्हीकडे पाहा लिहिलं.
भांडण आहे तसं ठेवलं.

तिसाव्या दिवशी त्यानं विचारलं, विकत घेणार?
घेतलं, तेच, ळ न कळणारं.
क्षीरसागर मास्तरांना दर वेळी मीच
दंडाला धरून शेवटी नेऊन बसवते.

संपादकांचा फोन आला:
जिचा पत्ताच नाही तिची नोंद कशाला?
एक ओळ वाचेल.
मी हो हो म्हटलं.
छापायला गेली ती प्रत अशी:

लक्षुम्मा (आडनाव नाही),
डावीकडून तिसरी,
वर्ष ९, अंक ४, पान ८८.